नळीच्या टोकाचा दिवा

बोईसरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी घिवलीचं मच्छीमार जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या हृदयाच्या नसेत तपासणीची नळी घालायची होती.

"हिरा, नसेत आवाज सोडून बघतात. आपल्या बोटीवरच्या फिशफाइंडरसारखंच."

"नळीच्या टोकाला दिवा पण हाय, डॉक्टर म्हणाला."

"दिवा कशाला?"

"आवाजानं खोलवरचं कळतं, उजेडानं जवळचं बारीक दिसतं."

"नको तो खर्च. मी झोपल्या झोपल्या पडदा बघीन नि सांगीन त्याला, कुठं काय अडकलंय."

"तुमी गप पडा."

"का? जन्मभर फाइंडर बघतोय."

"परवा पडद्यावर पापलेट हाय म्हणालात. जाळ्यात काय आलं?"

"प्लास्टिकच्या पिशव्या."

दारातून नर्सनं हाक दिली, "रामा मेहेर कोण?"

"मी, सिस्टर. तो दिवा आधी एकदा लावून बघता का?"