पेटीची राखण

मॅडम : तात्या, कपाट रिकामं आहे. पेटी कुठंय?

तात्या : आहे हो, सुखरूप आहे. तुम्ही आधी बसा बघू.

मॅडम : बसा काय? उद्या सकाळी परवान्याची तपासणी आहे. रस्ता नीट दाबला गेलाय का ते किरणोत्सारी किरणांनी मोजणारी पेटी आहे ती, हातोडी-पाना नव्हे. खात्याला ती वापरायची परवानगी माझ्या सहीवर मिळालीय.

तात्या : म्हणून तर जिवापाड जपली. स्टोअरचं दार दुरुस्तीला काढलंय, नुसता पत्रा टेकवून ठेवलाय. मागं तिथून डिझेलचे डबे गेले. उद्या पेटी गेली असती, तर पहिलं या ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसलं असतं सगळं खातं.

मॅडम : मग गाडीत ठेवलीत का?

तात्या : गाडीत कोण ठेवतं? काम संपलं की घरी नेतो. दार काढल्यापासून रोज.

मॅडम : घरी?

तात्या : तुम्हीच शिकवलंत ना, पेटी क्षणभर नजरेआड होऊ द्यायची नाही. बाकीचे पेंगत होते, मी मनावर घेतलं.

मॅडम : अहो, रस्त्यावर काम चालू असतानाचं म्हणत होते मी! घरी नेऊ नका, हे वेगळं सांगावं लागेल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. घरात कुठं ठेवता?

तात्या : आतल्या खोलीत, पलंगाखाली. चोराच्या बापाला सापडायची नाही.

मॅडम : पलंगावर कोण झोपतं?

तात्या : सून. बाळंतीण आहे ना ती. ती आणि नात.

मॅडम : आत्ता पेटी कुठंय?

तात्या : तिथंच. आज काम बंद होतं, म्हणून काढलीच नाही. तुमचा चेहरा का उतरला? कुलूप आहे की पेटीला.

मॅडम : कुलूप चोरासाठी असतं. किरणं थोडी थोडी बाहेर येतातच. शेजारून गेलं, उचलून गाडीत ठेवली, त्यानं काही बिघडत नाही. पण रात्रंदिवस तिच्यावर झोपायचं म्हणजे... घरी फोन लावा. आधी फोन लावा.

(तात्या फोन लावून स्पीकर चालू करतात.)

सून : हं, बाबा. हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा.

तात्या : तिला घेऊन पुढच्या खोलीत जा.

सून : आता? अहो, केव्हाची खांद्यावर घेऊन फिरत होते. आता उठली तर परत झोपायचं नाव घेणार नाही.

तात्या : नाही झोपली तर नाही. ऊठ तू.

सून : कुणी येतंय का घरी?

तात्या : नाही गं. ती पेटी...

सून : तुमची ती पिवळी? बाहेर सरकवून ठेवू का? सारखी पायात येते मेली.

मॅडम : हात लावू नका! मी ऑफिसातून बोलतेय. घाबरू नका, पण बाळाला उचला आणि शेजारी जाऊन बसा. आम्ही येईपर्यंत घरात जायचं नाही.

सून : घाबरू नका म्हणता आणि घराबाहेर काढता? बाबा, काय आहे त्या पेटीत?

तात्या : नीघ, पोरी. तुझ्या पाया पडतो.

सून : उठली बघा, रडतेय... निघाले. निघाले मी.

तात्या : मॅडम, खरं सांगा. काही होईल का नातीला?

मॅडम : पेटीला जाड कवच आहे, जिवावरचं नाही. आज-उद्या काही दिसणारही नाही. पण मर्यादेच्या वर गेलं असणार. किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. मलाही भीती वाटतेय, तात्या.

तात्या : विस्तव घरात आणला मी, आणि वर त्याची राखण करत बसलो.

मॅडम : तुम्हाला अर्धवट शिकवलं ते मीच. गाडी काढा, पेटी आणू. आणि... उद्या ती कपाटात दिसली, तर कुणी काही विचारणार नाही. परवाना राहील. तुमची नोकरी राहील, माझीही.

तात्या : हं. निवृत्ती तोंडावर आलीय माझी.

मॅडम : माझ्याही मनात तेच घोळतंय. खोटं कशाला बोलू?

तात्या : पण मग मोजणार कोण? त्या दोघींना किती लागलं ते?

मॅडम : ते परवाना देणाऱ्यांचीच माणसं मोजतात. त्यांना सांगितलं तर. डॉक्टर तरी नुसतं बघून काय सांगणार? अंगावर खूण उठत नाही याची.

तात्या : मग लावा त्यांना फोन.

मॅडम : रस्त्याचं काम थांबेल. सगळे तुमच्या नावानं बोटं मोडतील.

तात्या : मोडू देत. नाहीतर नात जरा शिंकली तरी मी रात्रभर जागा राहीन, आणि सांगू कुणाला? लावा तुम्ही.

मॅडम : लावला. वाजतोय. तुम्ही गाडी दाराशी आणा.

तात्या : आणतो. तेवढं एक विचारून घ्या त्यांना.

मॅडम : काय?

तात्या : घरी गेलो की पेटी पलंगाखाली सरकवायची आणि त्याच हातांनी नातीला घ्यायचं, असं चाललंय माझं रोज. आज घेतलं तर चालेल का?