अकरा खुर्च्या

संयोजक : ...तर ताई, लिहून ठेवा. एका मुलीसाठी अकरा खाती एका टेबलाशी बसली, असं या शहरात आजवर घडलेलं नाही. आता तुमची लेक कुठूनही निसटणं शक्य नाही.

आई : साहेब, ती निसटलीय.

संयोजक : कुठून?

आई : इथूनच. शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला मी खाली गेले, तेवढ्यात. तुमच्या हवाली करून गेले होते ना?

संयोजक : मी तिला समुपदेशक बाईंच्या हवाली केलं.

आई : त्यांना विचारलं. त्यांनी शाळेच्या सरांकडे दिली, सरांनी डॉक्टरांकडे. आणि डॉक्टर म्हणतात, मी तर साहेबांकडे पाठवली.

संयोजक : म्हणजे समन्वय चोख झाला. फक्त मुलगी राहिली.

आई : हसताय काय? दोनदा घरातून गेलीय ती. तिसऱ्यांदा गेली तर वसतिगृहात ठेवणार, हे तुमच्याच कागदात आहे. त्यावर चारला सगळ्यांच्या सह्या आहेत. साडेतीन होऊन गेले.

संयोजक : हसत नाही हो. घाबरलो की माझं तोंड असंच होतं. तिला फोन लावा.

आई : तिचा फोन तुमच्या टोपलीत. बैठकीत फोन नको म्हणून सगळ्यांचे काढून घेतलेत तुम्ही.

संयोजक : बरं, शेवटचं कुणी पाहिलं?

आई : तुमच्या शिपायानं. म्हणाला, दारात उभी राहून खुर्च्या मोजत होती.

संयोजक : अकराच मागवल्या होत्या. अकरा खाती, अकरा खुर्च्या.

आई : आणि ती कुठे बसणार होती?

संयोजक : ...ताई, ते यादीत नव्हतं.

(गच्चीच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचं दार करकरतं.)

मुलगी : आई, मी इथे आहे.

आई : अगं, जीव टांगणीला लागला होता माझा! काय करतेस तिथे?

मुलगी : बैठकीतले म्हणाले, बस. 'कुठे?' म्हणून विचारलं, तर सगळे आपापल्या कागदात बघायला लागले.

आई : खरं सांग. पळणार होतीस ना?

मुलगी : हो. फाटकापर्यंत गेले होते. मग वाटलं, तू झेरॉक्स घेऊन वर येशील आणि मी नसेन.

संयोजक : म्हणजे गेली नाही. आत्ता लिहितो. पण फॉर्ममध्ये 'परत आली' असा रकानाच नाही...

मुलगी : काका, ते मागनं लिहा. खुर्ची सापडलीय, पण जड आहे. त्या बाजूनं जरा धरता का?