बाबूजींचा चोरीला गेलेला हात

हॅलो?… हां, चेतना! काय करी ऱ्हायनी?… मी? मी उद्या सुरतला चालले. हातात चिप बसवायला… चिप गं! तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली. श्रेणिकचं डोकं, दुसरं काय! नवरा शिकलेला असला की असंच.

हो, हो… अगं ऐक ना. पर्स नको, ओळखपत्र नको, हात दाखवला की पैसे गेले. आणि ही फाल्गुनी कुठं गेली, काय घेतलं, सगळा मेसेज आमच्या दुकानाच्या मोबाइलवर. केवढी काळजी बघ माझी!… मग काय! गुरुवारी मंदिराचं नाव सांगून कार शिकायला जाते, ते पहिल्याच दिवशी उघडं पडणार. रडूच येतंय मला.

नाही म्हणू? कुठल्या तोंडानं? सासऱ्यांनी, आमच्या बाबूजींनी, महिन्यापूर्वीच बसवून घेतली. वर मला म्हणतात, "बेटा, कर नाही त्याला डर कशाला?"

थांब, खरी मजा तर पुढंच आहे. काल दुपारी बाबूजी प्रवचनाला जातो म्हणून निघाले. दुकानात मीच बसले होते. तासाभरात तिथला मोबाइल वाजला. विसरवाडी, हायवे, धनसिंग कांदाभजी सेंटर!… एकदा नाही, दोनदा!… अगं, चातुर्मासात! आमच्या घरात कांद्याचं नावसुद्धा काढत नाहीत.

मी? मी बिचारी घाबरले ना! संध्याकाळी सगळे जेवायला बसले, तेव्हाच म्हटलं, "बाबूजी, घात झाला! तुमचा हात कोणीतरी चोरून वापरतंय. पोलिसांत जाऊ या!"… नाही गं, हात ताटातच होता. घास तेवढा तसाच राहिला. सासूबाईंनी एकदा हाताकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं. तेव्हापासून घरात मौनव्रत चालू आहे.

एक मिनिट हं, बाबूजीच आले…

हो बाबूजी?… उद्याचं माझं रद्द? का बरं?… "माणसाचं काहीतरी खासगी असतंच"? अय्या, खरंच की! मला सुचलंच नाही… श्रेणिकला तुम्हीच सांगा मग… आणि तुमची चिप? काढायची? उद्याच?… पण ड्रायव्हर तर सुट्टीवर… मी नेते की!… हो, येते मला गाडी… कधी शिकले?

बाबूजी, भजी कधीपासून चालू आहेत, ते मी विचारलं का?

…चल गं चेतना, ठेवते. बाबूजी गाडीची किल्ली द्यायला थांबलेत.