शनिवारचं मैदान

अध्यक्ष श्यामराव, मंचावरचे पाहुणे, आज जिचा निरोप आहे ती आमची सुजाता मॅडम, समोर बसलेल्या आया-बाया, भाऊ लोक आणि मागं कुजबुजून राहिलेल्या पोट्ट्यांनो, सगळ्यांना नमस्कार. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तरी शाळा चालवणाऱ्या मंडळानं मले माईक दिला, हे मंडळाचं धाडस.

मॅडमनं आपल्या शाळेत पोरींना खेळ शिकवला. कसा, ते ऐका.

रायपूर राजधानी झालं, अन् आपल्या बूढापारा मोहल्ल्यात घरोघरी गाडी आली. माझी नात निधी, नववीतली. दोन गल्ल्या सोडून ट्यूशन, तिथं बी बापाच्या स्कूटरवर बसून जाय. वजन वाढलं, पोट्टे हसले. मग तिनं काय करावं? गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी धरली. देवासाठी नाही, बारीक व्हायले! अन् उपासाले काय? साबुदाण्याची उसळ, तळलेले पापड, शेंगदाण्याचे लाडू. सून कौतुकानं वाढून राहिली. उपास करून फुगणारी पोट्टी मी पहिल्यांदा पाहिली.

मॅडम तिले म्हणाली, "निधी, देवाले सुट्टी दे अन् मैदानात ये."

एका शनिवारी सिलतऱ्याच्या कारखान्यांपलीकडच्या गावातल्या पोरी खो-खो खेळायले आल्या. काटकुळ्या, पण पळणं काय होतं! आपल्या बाया म्हणे, "पाहा, पोरी अशा पाहिजे." म्हणता म्हणता त्यांची डिगेश्वरी मैदानातच मटकन खाली बसली.

मॅडमनं विचारलं, "उपास आहे का तुझा?"

"नइ मैडम, बिहनिया ले कुछु नइ खाए हंव."

सकाळपासून पोटात काही नाही. पाणी भरून, सायकल हाणत आली होती. निधी उपासाचा डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. "खा ना यार. मैं तो अकेली खा-खा के ऐसी हुई हूँ." दोघी खदखदा हसल्या.

तेव्हापासून दर शनिवारी मॅडम दोन्हीकडच्या पोरी बोलावते. आधी सगळ्यांचा सोबत नाश्ता, मग सोबत खेळ. निधी अजून जाडच आहे, पण धाप न लागता पळते. डिगेश्वरीले चक्कर येत नाही. दोघींचं दुखणं वेगळं होतं, औषध एका मैदानात निघालं. एवढं समजायले शिकलेलं असणं लागते का?

आता कानावर आलं, मॅडम गेल्यावर मंडळ शनिवारी मैदान लग्नाच्या गाड्या ठेवायले देणार. काहून? गाड्यांचं वजन वाढून राहिलं का? काल निधीनं मले विचारलं, "आजी, अब मैं फिर घर में बैठूँ?" मी काय सांगू? याचं उत्तर अध्यक्षांजवळ आहे.

सुजाता, रडू नको. मले रडणाऱ्या बाया आवडत नाहीत. काम केलं, ते पक्कं केलं. मंडळाचे अन् शांत बसून ऐकणाऱ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाले लागलं असन, तर पोटात घाला.

श्यामराव, मान हलवून भागत नाही. हा घ्या माईक. शनिवार चालू राहणार, एवढं पोरींसमोर सांगा. तोवर मी इथून उतरत नाही.