कोपऱ्यातली जागा

आईच्या फोटोची काच बदलायला मी फ्रेमवाल्याच्या दुकानात थांबलो होतो. माझ्या पुढे एक वयस्कर चित्रकार आणि त्यांची मुलगी. फ्रेम झालेल्या चित्रावर बोट ठेवून मुलगी फ्रेमवाल्याला म्हणाली,

"अहो काका, हा कोपरा कोरा होता ना?"

"होता की. साहेब घाईत विसरले असतील, असं वाटलं. सगळीकडे आभाळ पेटलेलं, माणसं वाकडीतिकडी, आणि तेवढंच पांढरं. मग मीच जरा लाल रंग मारला."

"अब्बा, उद्या प्रदर्शन आहे! तुम्हीच सांगा ना यांना!"

"थांब, बेटा. भाऊ, तिकडे आमच्या गावी आम्ही पीरबाबांभोवती अल्लाचं नाव घ्यायला गोल बसायचो. एक जागा रिकामी ठेवायचो, न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. देश सुटला, बैठक सुटली. ती जागा तेवढी प्रत्येक चित्रात ठेवतो."

"अरे देवा! आत्ता टर्पेंटाइनने पुसून देतो."

"नको, राहू द्या."

"अब्बा!"

"अगं, जागा ठेवणं माझं काम. तिथे कोण येऊन बसेल, ते ठरवणारा मी कोण?"

"साहेब, निदान रंग तरी जुळलाय का?"

"छे हो, अजिबात नाही. पण येऊन बसलेल्या पाहुण्याला ऊठ कसं म्हणू?"