कडूबाईचा सवाल

पालमच्या स्टँडवर गाडी काही वेळेवर लागेना, पण भांडण मात्र लागलं. कस्तुराबाईच्या पुढं रांगेत एक फेटेवाला आणि एक टोपीवाले मास्तर होते. तिनं पिशवी खाली ठेवली आणि कान तिकडं दिला.

“गुरुजी, रेडिओवाले गावात आल्ते, ध्यानात हाय का?”

“नसायला काय झालं, लिंबाजी? बारा वर्षं झाली. चावडीपुढं अख्खं गाव बसलं होतं. काय दिवस होते!”

“शेतीच्या साहेबाला सवाल इचारायचे व्हते. चिठ्ठ्या तुमी निवडल्या.”

“कोणीतरी निवडायलाच हव्या होत्या.”

“आन् इचारलं काय, तर साहेब, हुरडा गोड लागला का! आमच्या कारभारणीची, कडूबाईची चिठ्ठी खिशात घातली तुमी.”

“अहो, पाहुणा माणूस. त्याला कसं तोंडावर विचारायचं?”

“इचारणाऱ्याचं नाव रेडिओवर सांगणार व्हते. रेडिओवर तरी आपलं नाव येईल म्हणून आठ दिवस ती तिथून हालली न्हाई.”

“चुकलंच माझं. घरी येऊन सांगतो त्यांना.”

“कुणाला सांगता? पोळ्याला वरीस झालं तिला जाऊन.”

गुरुजींनी टोपी नीट केली. मग घसा साफ करून थेट रेडिओवाल्याच्या थाटात म्हणाले,

“बोरगावच्या कडूबाई लिंबाजी विचारतात, साहेब, आम्हाला हायब्रीड ज्वारी पेरायला लावता, तुमच्या ताटात कोणत्या ज्वारीची भाकर असते?”

कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसली. लिंबाजी मागच्या रांगेकडं बघत म्हणाला,

“जरा मोठ्यानं, गुरुजी. मागच्यांना नाव ऐकू आलं न्हाई.”