जेलरची आई

जेलच्या भेटीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

"क्रिमिनल जस्टिसची डिग्री घेऊन करणार काय तू?"

"जेलर होणार, आई."

"अगं बाई! म्हणजे बाप आत आणि लेक किल्ल्या घेऊन बाहेर?"

"नातेवाईक असलेल्या जेलमध्ये नेमणूक देत नाहीत गं."

"दिली असती तर त्यांना सकाळी वेळेवर उठवलं तरी असतंस. मला वीस वर्षांत जमलं नाही."

"आणि नोकरी कायमची आहे."

"असणारच. तुझ्या बाबांसारखी गिऱ्हाइकं असल्यावर धंद्याला मरण नाही."

"आत गेल्यावर सांगू त्यांना?"

"खबरदार! पुढच्या महिन्यात सुटतायत. लेकच जेलर होणार म्हटल्यावर घरी यायचं सोडून तुझ्या जेलात बदली मागतील."